लीवेनसाठी थांबवलेली चक्की

१४ एप्रिल १९९६, रविवार

लीवेन,

तुझं कार्ड काल आलं. "मी मेलो असं ऐकतो. भूक मात्र अजून चांगली लागते. लीवेन." बस, एवढंच. तेहतीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी मनात काय आलं सांगू? आता माझं काय होणार, हे आलं. तू जिवंत आहेस याचा आनंद झाला, नाही असं नाही, पण तो दुपारी जेवताना झाला. सकाळभर मी नुसता घाबरून बसलो होतो. धाकट्या भावाने थोरल्याला लिहायची ही काही चांगली सुरुवात नव्हे, पण दुसरी सुचत नाही.

तू कसा मेलास ते ऐक. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा यान आठवतो ना, तुझ्या वर्गातला? त्याच्याकडे कॅनडातल्या आपल्या लोकांचं वर्तमानपत्र येतं. मार्चमध्ये तो एक कात्रण घेऊन दारात उभा राहिला, टोपी हातात. 'लीवेन कोपेयान, जन्म वाल्खरेन, निधन ओंटारिओ, दिवंगत एलीचे पती.' वयही तुझंच. तो बेकरीवाल्या इझाक काकांचा लीवेन होता, हे आता कळतंय. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची आपल्याकडची रीत. आजोबांना तीन मुलगे, म्हणून गावात तीन लीवेन कोपेयान. लहानपणी एक चक्कीवाला, एक बेकरीवाला आणि एक लंगडा, असं म्हणून भागायचं. वर्तमानपत्रात तसं छापत नाहीत. आणि बेकरीवाल्यांच्या घरातलं आता इथं कुणी उरलेलं नाही, चूक दाखवणार कोण?

तोना म्हणाली, "अहो, फोन तरी करून बघा."

मी म्हटलं, "कुणाला करू? मेलेल्याला?"

"त्यांच्या घरी करा. मुलं असतील. त्यांच्या बायकोचं नाव एलीच होतं ना?"

लीवेन, मला तुझ्या बायकोचं नाव ठाऊक नव्हतं. पण सख्ख्या भावाच्या बायकोचं नाव माहीत नाही, असं स्वतःच्या बायकोपुढे म्हणायचं कसं? मी म्हटलं, "हो, एलीच." झालं. तिथं तू मेलास.

आता तुझ्या कानावर आलंच असेल, म्हणून सांगतो. आपली वाऱ्यावरची चक्की पुन्हा उभी राहतेय. समितीचा अध्यक्ष मी आहे. सात वर्षं त्यात गेली: बुरुजाच्या विटा बदलल्या, नवी टोपी बसवली, जाती आणली आणि फेब्रुवारीत नवी पाती चढवली. ती अजून एकदाही फिरली नव्हती. तुझी बातमी आल्यावर मी स्वतः सज्जात गेलो, ब्रेकचा दोर हातात घेतला, पाती जराशी सरकू दिली आणि चक्की शोकात उभी केली. बाबांचं आठवतं ना? घरात लग्न असलं की खालचं पातं तळाला पोचायच्या जरासं आधी थांबवायचं, येणाऱ्या आनंदासाठी. मरण असलं की तळ ओलांडून जरा पुढे गेल्यावर, कारण माणूस निघून गेला. मी अगदी बाबांसारखं केलं. सगळ्या गावाने पाहिलं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात फोटोही आला.

मग चर्चमध्ये यानने तुझ्यासाठी ऑर्गन वाजवला, हॉलमध्ये कॉफी झाली, मनुक्यांचे बन झाले. लोक डोळे पुसत होते. मी चार चांगले शब्द बोललो. त्याच बैठकीत चक्कीला 'लीवेन' नाव द्यायचं ठरलं. पाटी रंगवून तयार आहे.

तेव्हा एक विनंती आहे. उद्घाटन अकरा मेला आहे, चक्की दिनाला. महापौरांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे येणार. तोवर इकडे कुणाला काही कळवू नकोस, आणि ज्या कुणी तुला ही बातमी दिली त्यालाही जरा आवर. तेहतीस वर्षं गप्प बसलास, आणखी चार आठवडे बसायला काय होतं? नंतर मी सावकाश, बेताने सांगेन.

ब्राम


२२ एप्रिल, सोमवार

लीवेन,

मागचं पत्र फाडून टाक. पेटीत टाकलं आणि रात्रीपर्यंत मला स्वतःचा चेहरा बघवेना. जिवंत माणसाला मेलेला राहा म्हणून विनवणारा भाऊ तुला दुसरा कुठे भेटेल? तोनाला अजून सांगितलेलं नाही. ती रोज संध्याकाळी तुझ्यासाठी प्रार्थना करते आणि मी शेजारी बसून आमेन म्हणतो.

खरं म्हणजे हे तेव्हाच निस्तरायला हवं होतं. चक्की शोकात उभी करायची ती अंत्यविधीपर्यंत, फार तर आठवडाभर. पण ती हलवली की लोक म्हणणार, "ब्राम, सावरलास का रे?" आणि मग तुझ्याविषयी विचारत बसणार. कार्ड यायच्या आधी मला ते नको होतं, आणि कार्ड आल्यावर तर मुळीच नको. म्हणून चक्की अजून तशीच उभी आहे. गावाला वाटतं, काय हे भावाचं प्रेम! पोस्टमन सायकलवरून उतरून टोपी काढतो. शेजारच्या बाईने गुरुवारी वाटाण्याचं सूप पाठवलं. ते सूप गिळताना मला काय झालं ते मलाच ठाऊक.

चक्की बांधणारा मिस्त्री हूब मात्र वैतागलाय. नवं लाकूड, चाकांना नवे दात. लोक जमायच्या आधी चार दिवस फिरवून बघितल्याशिवाय तो सही देणार नाही.

"ब्रामसाहेब, चक्की फिरवायची कधी?"

"भाऊ गेलाय, हूब."

"माझा सासरा गेला तेव्हा मी अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. आणि सासरा चांगला होता."

तो दक्षिणेकडचा कुठला तरी, लिंबुर्ग की काय. त्यांच्याकडे असलं काही नसतं म्हणतो. मी उठून बाहेर गेलो. त्याला वाटलं, मला रडू आलं.

आता भाषणाचं सांगतो, नाहीतर दुसरं कुणीतरी सांगेल. चार चांगले शब्द म्हणजे काय, तर मी म्हटलं की लीवेन आणि मी दर महिन्याला एकमेकांना लिहायचो. मी म्हटलं, ही चक्की पुन्हा उभी कर, हे त्याच्या शेवटच्या पत्रातले शब्द. कशासाठी म्हटलं, असं विचारशील. समोर दीडशे माणसं बन हातात धरून माझ्याकडे बघत होती, भाऊ गमावलेल्या माणसाकडे बघावं तशी. आणि माझ्याकडे गमवायला काहीच नव्हतं. तेव्हा काहीतरी तयार करावं लागलं. बोलत गेलो तसं मला ते खरंही वाटायला लागलं. इतकं की घरी येऊन मी कपाटात तुझी पत्रं शोधायला लागलो असतो.

एक खरी गोष्ट सांगतो, म्हणजे हे पत्र सगळंच वाया जाणार नाही. बुरुजाच्या आत तळमजल्यावर विटांना अजून मीठ सुटतं. ते चव्वेचाळीसचं पाणी. युद्धात बांध फुटला आणि दिवसातून दोनदा समुद्र आपल्या दारातून आत यायचा नि परत जायचा, आठवतं? आपण सगळे वर जात्यांच्या मजल्यावर, आईची शेळीसुद्धा. तू शिडीवर पोटावर पालथा पडून बादली सोडायचास आणि मासा आला का ते बघायचास. तुझे पाय धरून मी मागे बसायचो. बाबा म्हणायचे, "ब्राम, सोडलंस तर बघ." मी नाही सोडलं. तेव्हा तरी नाही.

मिठाने खाल्लेल्या विटा आम्ही काढल्या, पण सगळ्या कशा काढणार? गवंडी म्हणतो धुऊ नका, धुतलं की आणखी आत जातं. कोरड्या ब्रशने झाडत राहायचं. शनिवारी ते काम मी करतो.

ब्राम


२ मे, गुरुवार

लीवेन,

तुझं उत्तर आज आलं. त्यात वर्तमानपत्रातला फोटो घडी घालून ठेवलेला आणि त्याच्या मागे तीन ओळी. "तू मागे उभा राहून थांबवलीस ना? दहा तारखेला उतरतोय. विमानतळावर कुणाला तरी पाठव."

तू येतोयस, हे मी तीनदा वाचलं. पण पहिल्या ओळीचा अर्थ लागेना. मागे उभा राहून म्हणजे? अर्थात मागे! ब्रेकचा दोर मागेच असतो. फोटो घेऊन मी अंगणात गेलो, मग चक्कीच्या समोरच्या बटाट्याच्या शेतात गेलो, आणि तिथं चिखलात उभा राहून मला कळलं.

दोर तुझ्या हातात असायचा. मी कायम खाली, पोत्यांपाशी. चक्की शोकात उभी असलेली मी जन्मभर समोरून, शेतातून पाहिली: खालचं पातं उजवीकडे सरकलेलं. तेवढंच डोक्यात होतं. सज्जात मागे उभं राहून मी ते माझ्या उजवीकडे आणून थांबवलं. मागच्या माणसाचं उजवं म्हणजे समोरच्याचं डावं. पातं तळ ओलांडून गेलेलं नाही. ते तळाच्या अलीकडे आहे.

भाऊ वारला म्हणून मी लग्नाची चक्की उभी केली, लीवेन. दीड महिना. पोस्टमनने टोपी काढली ती या चक्कीला. आजकाल खुणा कुणाला वाचता येत नाहीत म्हणून बरं, असं म्हणालो आणि तेवढ्यात नेला मावशीची आठवण झाली. होडीवाल्याची विधवा. एक्याण्णव वर्षांची आहे, वृद्धाश्रमात वरच्या मजल्यावर असते, आणि तिची खिडकी बरोबर चक्कीसमोर. चिखलाच्या बुटांनीच गेलो. ती विणत बसली होती.

"मावशी, जरा चक्कीकडे बघता का? कशी उभी आहे?"

"मार्चपासून बघतेय. माझ्या लग्नाला तुझ्या बापाने अश्शीच थांबवली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला वाटलं, भाऊ मेला म्हणून ब्राम खूश आहे. म्हटलं, माणूस वाईट, पण निदान प्रामाणिक तरी आहे." तिने सुई थांबवली. "मग हॉलमध्ये तुझं भाषण ऐकलं आणि तेही मत बदललं."

मी खुर्चीत बसलो. तिने बसायला सांगितलं नव्हतं.

"वादळाने पाती नेली म्हणालास," ती म्हणाली. "दोघं भाऊ गळ्यात गळा घालून रडलो म्हणालास. अरे, मी इथंच होते की तेव्हा. पाती ट्रकवर चढवून घालवलीस तू. लीवेन लष्करातून सुट्टीवर आला, अंगात कोट तसाच, आणि चक्कीकडे बघत बांधावर उभा राहिला. मी त्याला कॉफीला हाक मारली. आला नाही."

होय, भाषणात तेही होतं. मागच्या पत्रात मी ते गाळलं. वादळ मी आणलं, आणि आपल्या दोघांचं रडणंही.

मी मावशीला सांगितलं, की तू जिवंत आहेस. सगळ्यांत आधी तिला सांगितलं, तोनाच्याही आधी. ती काही दचकली नाही. "मग ठीक आहे," म्हणाली, "म्हणजे चक्कीच तेवढी खरं बोलत होती." आणि पुन्हा विणायला लागली. मला रडू फुटलं. लाज वाटून रडतात का माणसं, मला माहीत नव्हतं. रडतात.

तिथून सरळ सज्जात चढलो, पातं नीट करायला. दोर हातात घेतला आणि थांबलो. नीट करून करणार काय? शोकात लावावी, तर तू जिवंत आहेस. आनंदात आहे म्हणावं, तर मी ती आनंदासाठी थांबवलेलीच नाही. दोर गुंडाळून ठेवला आणि खाली उतरलो. रात्री तोनाला सांगितलं. तिने दिवा मालवला आणि म्हणाली, "म्हणजे त्यांच्या बायकोचं नाव काय?" ते मला अजूनही माहीत नाही, लीवेन. आलास की आधी ते सांग.

ब्राम


१० मे, शुक्रवार सकाळ

लीवेन,

हे पत्र माझी मुलगी योहान्ना तुझ्या हातात गाडीत देईल. ती तुला न्यायला आली आहे. मी येणार होतो. कोट घालून तयारही झालो होतो, पण इतक्या वर्षांनी तुझ्याशी पहिलं बोलायचं ते विमानतळावरच्या गर्दीत, हे मला झेपेना. तोना म्हणते, भित्रा तो भित्राच. तिचं बरोबर आहे. तू निदान गाडीत बसून हे वाच, म्हणजे गावात कशाला सामोरं जायचं ते कळेल.

रविवारी प्रार्थना झाल्यावर मी हॉलमध्ये उभा राहिलो. मागच्या वेळी उभा होतो तिथंच. कागदावर लिहून नेलं होतं, पण चष्म्यावर वाफ धरली म्हणून तसंच बोललो. लीवेन मेलेला नाही. मेला तो बेकरीवाला. मला कळलं तीन आठवड्यांपूर्वी, आणि मी गप्प बसलो. पत्रं आम्ही एकमेकांना कधीच लिहिली नाहीत. वादळ आलं नव्हतं. पाती मी विकली, लीवेन लष्करात असताना, बाबांना पटवून. चक्की पुन्हा उभी कर असं त्याने मला कधी सांगितलं नाही. काही सांगावं असा मी त्याच्यापाशी उरलोच नव्हतो.

मग यान म्हणाला, "म्हणजे मी ऑर्गन वाजवला तो बेकरीवाल्यासाठी?"

"हो."

"मग वाया गेला नाही. त्या बिचाऱ्यासाठी दुसरं कोण वाजवणार होतं?"

पाद्रींनी लगेच वहीत बेकरीवाल्याचं नाव लिहून घेतलं. पण सगळे यानसारखे नाहीत. शेजारची सूपवाली बाई उठली आणि म्हणाली, "मी माझ्या भावाला आठवून रडले होते, ब्राम. तुझ्या खोट्यावर." आणि निघून गेली. काल मी तिच्या दारात गेलो. तिने दार उघडलं, पातेलं परत घेतलं आणि दार लावून घेतलं. पोस्टमन आता सायकलवरून उतरत नाही. ते मला एका परीने बरंच वाटतं.

समितीची बैठक माझ्याशिवाय झाली. अध्यक्षपद गेलं. उद्या मला गाड्या लावून घ्यायचं काम दिलंय, पिवळं जाकीट घालून, बांधाखालच्या कुरणात. सात वर्षं भाषणाची तयारी केली आणि शेवटी 'थोडं डावीकडे, थोडं डावीकडे' एवढंच म्हणायचं. डावं-उजवं माझ्यावर कसं सोपवलं कोण जाणे. पाटीचाही विषय निघाला, जिवंत माणसाचं नाव चक्कीला कसं ठेवायचं म्हणून. नेला मावशी चाकाच्या खुर्चीतून म्हणाली, "राहू द्या. गावात तीन लीवेन होते, ज्याला जो वाटेल तो समजा." पाटी राहिली.

आता तुझ्या कामाचं. हूबने हट्ट धरला की लोक यायच्या आधी चक्की फिरवून बघितलीच पाहिजे. ठरलं असं की उद्या पहाटे, गाव उठायच्या आत, ती पहिल्यांदा सुटेल आणि दोर तुझ्या हातात असेल. हे मी सुचवलेलं नाही. मला विचारायला कुणी आलंच नाही. मी तुला म्हणणार आहे की मला तिथं येऊ दे. पोत्यांपाशी उभा राहीन. नको म्हणालास तर कुरणात थांबेन, तिथूनही दिसते.

मी माफी मागत नाही, कारण मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तू लांबून दमून येतोयस. घरी तोनाने खोली तयार केली आहे. खिडकीतून चक्की दिसते. तुला तिथं राहायचं नसेल तर योहान्नाकडे व्यवस्था आहे. तिला फक्त सांग, ती मला काही विचारणार नाही.

गाडी कालव्याचा पूल ओलांडून वळेल तेव्हा मान वर कर. आपल्या घराआधी चक्की दिसते, तशीच अजूनही. खालचं पातं तळाच्या अलीकडे आहे, बघ. मी ते हलवलेलं नाही. मार्चमध्ये जिथं थांबवलं तिथंच आहे. फक्त आता ते कशासाठी थांबलंय, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि मलाही.

ब्राम